अक्का, तुमचा दौलत आणि टँकरची रांग

अक्का, पाणीच ओतायला पाहिजे होतं का? माती टाकता आली असती, चप्पल फेकता आली असती, एखादं पोतं अंगावर टाकता आलं असतं. ऐन दुष्काळात, टँकरपाशी एकमेकांना भिडलेल्या कुत्र्यांवर तुम्ही भरलेल्या दोन्ही घागरी रिकाम्या केल्यात, आणि टँकर निघून गेला तेव्हा आपल्या घरात प्यायला घोटभर पाणी नव्हतं. यावरून आपण दोघी उभा जन्म भांडलो. दवाखान्यात तुम्हाला सलाईन लावलेलं असतानाही मी विषय काढला, तर डोळे न उघडता म्हणालात, "मातीनं सुटत न्हाईत गं, निर्मला." मी म्हटलं, सुटतात. तेवढ्यात नर्स आली आणि पुढचं भांडण राहून गेलं.

तुम्हाला जाऊन पंधरवडासुद्धा झाला नाही. घरात माणसांची रीघ लागली आहे. तुमच्या शाळेतल्या मुली येतात. त्यांना मुली म्हणते खरी, पण त्यांच्या आता लेकीसुना झाल्यात. येतात, रडतात, ड्रिलच्या तासाची आणि तुमच्या शिट्टीची आठवण काढतात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी एका पाहुण्यांनी भाषण केलं, अक्कांनी समाजाच्या मुलींसाठी आयुष्य वेचलं म्हणाले. खरंच आहे ते. तुम्ही समोर असतात तर मात्र, "आटपा आता, लोकं जेवायची हायत," असं म्हणून त्यांना खाली बसवलं असतंत. तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलणारी इतकी माणसं, पण दौलतचं नाव एकाच्याही तोंडून आलं नाही. तुमच्या ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे तीच राहून गेली, म्हणून मी लिहायला बसले आहे. ह्यांना विचारलं, लिहू का? तुमच्या धाकट्या भावाला तुम्ही गेल्यापासून बोलायचंच सुचत नाही. नुसती मान हलवली.

जिल्हा तेव्हा नवा होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं आणि ह्यांची नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून बदली झाली. कचेऱ्यांना जागा पुरत नव्हत्या, साहेबांना बंगले नव्हते, मग आमच्यासारख्यांना भाड्याच्या खोल्या कुठून मिळणार? त्यात आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की खोली कालच कोणीतरी घेतलेली असायची. शेवटी डाळमिलीच्या मागच्या गल्लीत अप्पांनी आपल्या घराच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या दिल्या. अप्पांची मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत होती. कपाळाला विभूती, बोलणं मोजकं, माणूस सरळ. चावी देताना एवढंच म्हणाले, "पाण्याला तुमचा नळ वेगळा हाय. अंगणातल्या हौदाला तेवढं हात लावू नका." त्यांनी ते शांतपणे सांगितलं आणि आम्ही शांतपणे ऐकून घेतलं, कारण डोक्यावर छप्पर पाहिजे होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तो वेगळा नळ कोरडा पडला. गल्लीत टँकर यायला लागला. कधी आमची घागर भरायची राहिलीच, तर अप्पांच्या बायको, गंगव्वा, हौदातून एखादी कळशी काढून द्यायच्या. वरून पाण्याची धार धरायच्या आणि आपली घागर खाली ठेवायची. तुम्हाला हे सगळं मी पत्रानं कळवलं नव्हतं. आल्यावर तुमच्या तुम्हालाच दिसलं, आणि तुम्ही काही बोलला नाहीत. मला त्या न बोलण्याचीच जास्त भीती वाटली.

तुम्ही आलात त्याच उन्हाळ्यात. चाकूरकडच्या खेड्यातल्या शाळेतून तुमची लातूरच्या मुलींच्या शाळेत बदली झाली. टेंपोतून ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, स्टोव्ह उतरला आणि शेवटी पोत्यांच्या मागून एक कुत्रं उतरलं. उंच, लांबट तोंड, काटकुळे पाय, पोट पाठीला लागलेलं. मला वाटलं, बिचारं दुष्काळानं वाळलंय. मी भाकरी आणायला वळले तर तुम्ही हसलात. "वाळलेलं न्हाई गं ते. कारवानी हाय. ही शिकारीची कुत्री असलीच असतेत." मग नाव सांगितलंत, दौलत. घरात धड दोन पातेली नव्हती आणि कुत्र्याचं नाव दौलत.

कारवानी कुत्रं मी आधी लांबूनच पाहिलेलं. आमच्या खेड्यात ते मोठ्या शेतकऱ्यांच्या दारात असायचं, आणि आमच्या वस्तीतल्या माणसांनी तिथून जाताना त्या दाराकडे बघायचंसुद्धा नाही असा शिरस्ता होता. तुम्ही मात्र पहिल्याच संध्याकाळी त्याची साखळी धरून भर रस्त्यानं निघालात. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, ताठ मान, आणि शेजारून तो, तुमच्यासारखाच ताठ. लोक दुकानातून वाकून बघत होते. मी दारात उभी होते. त्या दिवशी माझी छाती फुगली होती, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तो अभिमान गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच टिकला. कोपऱ्यावर दुसरं कुत्रं दिसलं आणि दौलतच्या पाठीवरचे केस उभे राहिले. तुम्ही साखळीसकट ओढल्या गेलात. रात्री जेवताना मग खरं सांगितलंत. ज्या शेतकऱ्याचा तो होता, त्यानं लहानपणापासून त्याला दुसऱ्या कुत्र्यांच्या अंगावर सोडून गंमत बघितली होती. मग तो कुठलंच कुत्रं समोर उभं राहू देईना, शेतावरची दोन जायबंदी केली, तेव्हा त्याच माणसाला तो नकोसा झाला. "बाई, न्यायचा तर न्या, न्हाईतर मी काय ठिवत न्हाई ह्याला," असं तो म्हणाला आणि तुम्ही घेऊन आलात. माणसांना दौलतनं कधी काही केलं नाही. आमची लेक सोनी त्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपायची. पण कुत्रं दिसलं की संपलं.

गल्लीत ज्यानं त्यानं उपाय सांगितले. कोणी म्हणे गळ्यात लाकडाचं लोढणं बांधा. कोणी म्हणे एकदा दोघांना सोडून द्या, होऊ द्या काय व्हायचं ते, मग निवांत होतील. सगळ्यात शहाणा उपाय आमच्या घरातूनच निघाला. हे देवणीच्या बैलबाजाराला गेले होते, तिथून एक पितळी घंटा घेऊन आले आणि चामड्याच्या पट्ट्यात ओवून दौलतच्या गळ्यात बांधली. "बैल आला की लोकाला आवाजावरनं कळतंय का न्हाई? तसंच. दौलत यायच्या आधी घंटी ऐकू जाईल, जो तो आपलं कुत्रं आत घेईल. भांडणच न्हाई." किती खूश झाले होते. तुम्हालाही पटलं, मलाही पटलं, अप्पासुद्धा ओट्यावरून म्हणाले, "हे बरूबर केलं." आपण सगळे बैलांच्या मुलुखातली माणसं, घंटेत काही वावगं असेल असं कोणाच्या डोक्यात येणार?

थोडेच दिवस बरे गेले. मग असं व्हायला लागलं, की आपल्या दारात घंटा किणकिणली रे किणकिणली, सगळ्या गल्लीतली कुत्री फाटकाशी, भिंतीवर, ओट्यावर येऊन भुंकायला तयार. माणसं "आला, आला" म्हणत धावत सुटायची, आपापल्या कुत्र्याला मानगुटीला धरून ओढायची, ते बिचारं आणखी बिथरायचं. आणि दौलत? त्याला घंटा बांधायला घेतली की तिथंच, घरातच, पाठीचे केस उभे. घंटा म्हणजे लढाई, हे त्याला गल्लीनं शिकवलं. हे आपल्या लक्षात यायच्या आधीच पिंकीचा कान गेला.

पिंकी म्हणजे गंगव्वांची पांढरी केसाळ पामेरियन. त्या बाईला मूलबाळ नव्हतं, पिंकीच सगळं काही. सकाळी घंटा वाजली म्हणून त्या तिला उचलायला धावल्या, पिंकी हातातून निसटली आणि किंचाळत थेट दौलतच्या तोंडाशी गेली. क्षणाचं काम. कानाचा शेंडा तुटला, पांढऱ्या केसांवर रक्त. गंगव्वांचं रडणं मला अजून ऐकू येतं. संध्याकाळी अप्पांनी ओट्यावर बोलावलं. आवाज चढवला नाही. "बाई, तुम्ही शिकलेल्या हाव. माझं एवढंच सांगणं हाय. दिवाळीपर्यंत कुत्रं तरी हलवा, न्हाईतर खोली."

हे खाली मान घालून उभे होते. दौलत परत गेला तर तो शेतकरी त्याला जगू देणार नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि खोली गेली तर पुन्हा तेच, आडनाव विचारणारी दारं. तुम्ही म्हणालात, "पिंकीच्या कानाचं औषधपाणी मी करते, रोज येऊन पट्टी बदलते. कुत्रं मी सोडणार न्हाई. आन् खोली सोडायची पाळी आम्ही येऊ देणार न्हाई." मला तुमचा असा राग आला होता, अक्का. आमच्या खोलीवर तुम्ही शब्द देऊन मोकळ्या.

पिंकीच्या पट्टीला रोज गेलात हे खरं. फाटकातून आत जायचं, ओट्याच्या पायरीवर बसायचं, गंगव्वा पिंकीला मांडीवर धरायच्या आणि तुम्ही पट्टी बदलायच्या. त्या तुमच्याशी बोलत नसत. तिथं बसल्या बसल्याच तुम्ही गल्लीचा खेळ नीट पाहिलात. एक दिवस घरी येऊन दौलतच्या गळ्यातली घंटा काढलीत आणि ह्यांच्या हातात दिलीत. "अशोक, गल्लीतली कुत्री त्याला बघून न्हाई भुंकत. घंटी ऐकून भुंकतेत." हे चार दिवस फुगून बसले होते. मग एकदा बिनघंटेच्या दौलतला घेऊन तुमच्याबरोबर गेले, बघितलं, आणि परत आल्यावर घंटा पेटीत टाकली.

नंतरचे महिने म्हणजे तुमची ड्रिल. मोंढ्याच्या मागं मोठं उघडं माळरान होतं, गवताची काडी नाही, पिवळी धूळ. तुम्ही दौलतला घेऊन एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला. माझ्या हातात सुतळीला बांधलेलं गल्लीतलं एक लंगडं, गरीब कुत्रं, भुऱ्या. पिंकी कोण देणार होतं? मी म्हटलं, मला काय कळतं कुत्र्यातलं. तुम्ही म्हणालात, "तुला चालता येतं का? मग झालं." शाळेत दोन भांडकुदळ पोरी आल्या की तुम्ही काय करायच्या ते मला तेव्हा कळलं. त्यांना समोरासमोर उभं करून समजूत घालायची नाही. एका दिशेला तोंड करून, मध्ये भरपूर जागा ठेवून, चालायला लावायचं. चालता चालता राग उतरतो. माणसाला समोरून कोणी आलं की अंगावर आल्यासारखं वाटतं, बाजूनं चाललं की सोबत वाटते.

तसंच आपण चाललो. माळाच्या त्या कडेनं तुम्ही, ह्या कडेनं मी. दौलतनं भुऱ्याकडे बघितलं की तुम्ही काही म्हणायच्या नाहीत. बघून झालं आणि मान वळवून तुमच्याकडे बघितलं, की लगेच फुटाणा. बघू द्यायचं, पण परत आपल्याकडे बघितलं की द्यायचं. आणि साखळी सैल. तुमचं सगळ्यात जास्त ओरडणं साखळीवरून असायचं. एकदा ह्यांनी दौलतला धरलं आणि भुऱ्या दिसताच साखळी ताणली, तर केवढ्यानं ओरडलात. "सैल सोड. ताणली की त्याला वाटतं, आपणच भ्यालो." मोंढ्यातले हमाल बसून बघायचे. एकजण म्हणाला, "नणंद-भावजया कुत्र्याची परेड काढून राहिल्या का काय?" तुम्ही म्हणालात, "हाव. तुम्हाला यायचं असलं तर या, मागं जागा हाय."

रोज थोडं जवळ यायचं. एक दिवस मागून चार-पाच मोकाट कुत्री आली, दौलत उसळला, भुऱ्या घाबरून माझ्या पायात शिरला, मी पडले, गुडघा फुटला. आता मात्र तुम्ही हात टेकाल असं मला वाटलं. मनातून थोडं बरंही वाटलं. तुम्ही साडीची धूळ झटकलीत आणि म्हणालात, "चल. पहिल्यापासनं." आणि आपण पुन्हा माळाच्या दोन टोकांना जाऊन उभ्या राहिलो. अक्का, माणसं मोठाल्या गोष्टींसाठी तुमचं कौतुक करतात. मला ते दोन शब्द आठवतात आणि ऊर भरून येतो.

गल्लीतून जाताना तुम्ही त्याला मुसकं घालायला लागलात. मळणीच्या बैलाला असतं तसं, सुतळीचं, स्वतः विणलेलं. लोक हसले. पण मुसकं बघून गंगव्वांनी पहिल्यांदा तुमच्याकडे मान वर करून बघितलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पाऊस आलाच नाही. दिवाळी तोंडावर आली तरी टँकर सुरूच, आणि ऊन असं की पायाला चटके. त्या दिवशी दुपारी टँकर आला, घागरींची रांग लागली. तुम्ही दौलतला मुसकं घालून बरोबर आणलं होतंत. मी नको नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "गल्लीत ऱ्हायचं तर रांगेत उभं राहाया यावं लागंल." आपल्या दोन्ही घागरी भरल्या. टँकरच्या नळीतून खाली थेंब गळत होते आणि त्या ओलीसाठी मोकाट कुत्री गोळा झालेली. तेवढ्यात तहानेनं कासावीस झालेली पिंकी गंगव्वांच्या हातून सुटली आणि थेट टँकरखाली गेली. दोन मोकाट कुत्र्यांनी तिला घेरलं. दौलत तुमच्या हातातून झेपावला आणि त्यांच्यात शिरला. तो तिला वाचवायला गेला की नुसता भांडायला गेला, यावर आपलं कधीच एकमत झालं नाही. मी अजूनही म्हणते, भांडायलाच गेला. काही का असेना, तोंडाला मुसकं, चावता येत नाही, आणि ते दोघे त्याच्या मानेला. खाली पिंकी.

आणि तुम्ही एक घागर उचललीत, ओतलीत. दुसरी उचललीत, ओतलीत. रांगेतल्या बायकांच्या तोंडून हाय हाय निघालं. दुष्काळात पाणी असं कोणी ओततं का? कुत्री सुटली. गंगव्वांनी पिंकीला ओढून घेतलं, तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. दौलत तुमच्या पायाशी येऊन उभा राहिला, मानेवर रक्त, अंग निथळत होतं. आणि मग मला दिसलं की तो तोंड उघडायला धडपडतोय. भिजलेली सुतळी आवळली होती. मुसकं घट्ट बसलं, त्याला धापसुद्धा टाकता येईना.

तुम्ही त्याला जरा बाजूला नेलंत. थांबलात. "दौलत, माझ्याकडं." त्यानं बघितलं. पुन्हा थांबलात, त्याचा श्वास जरा उतरू दिलात. मग वाकून मुसक्याची गाठ सोडायला लागलात. गंगव्वा ओरडल्या, "नको बाई, काढू नका." रांगेतल्या सगळ्या मागं सरकल्या. मीसुद्धा म्हटलं, अक्का, नका. तुम्ही ओतलेलं पाणी उतारानं तिथवर आलं होतं, आणि त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर ती मोकाट कुत्री त्या डबक्यावर आली होती. आता त्यानं एक चावा घेतला असता तर तो गेला होता, आणि आपणही गेलो होतो. काय होणार हे तुम्हालाही माहीत नव्हतं, उगीच म्हणू नका. पण साखळी सैल होती.

मुसकं निघालं. दौलतनं डबक्यावरच्या कुत्र्यांकडे बघितलं. पाठीवरचे केस जरासे उठले. मग त्यानं मान वळवून तुमच्याकडे बघितलं. तुमच्याजवळ फुटाणासुद्धा नव्हता त्या वेळी. तुम्ही नुसतं म्हणालात, "पी." आणि तो खाली वाकला आणि त्या कुत्र्यांच्या शेजारी उभा राहून लपालपा पाणी प्यायला लागला. गंगव्वांच्या हातातली पिंकी चुळबुळ करून खाली उतरली, त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन पिऊ लागली. टँकरवाला नळी धरून नुसता बघत होता.

टँकर रिकामा होऊन गेला. आपल्या घागरी पालथ्या. घरी जायला निघालो तर गंगव्वा फाटकात उभ्या. "बाई, घागरी घेऊन आत या." मी नेहमीसारखी घागर खाली ठेवून उभी राहिले, त्या वरून ओततील म्हणून. गंगव्वांनी हौदावरचं झाकण सरकवलं आणि बाजूला झाल्या. "तुमच्या हातानं घ्या बुडवून." अप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं बघितलं आणि काही म्हटलं नाही. तुम्ही पुढं झालात, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून घागर बुडवलीत, भरलीत, मग दुसरी. उपकार झाल्यासारखं तोंड केलं नाहीत की आभारही मानले नाहीत. जिथं आपला हात आधीच जायला हवा होता तिथं तो आज गेला, एवढंच तुमच्या चेहऱ्यावर होतं. घरी येऊन मी रडले. "रडायला काय झालं? पाणी होतं, भरलं," म्हणालात.

दिवाळी आली आणि गेली. अप्पांनी विषय काढला नाही, आपणही काढला नाही. पुढची कितीतरी वर्षं त्याच खोल्यांत राहिलो.

दौलत सुधारला असं तुम्ही म्हणायच्या. मी म्हणायचे, सुधारला नाही, तुम्ही सांभाळला. शेवटपर्यंत त्याला एकही कुत्रं आवडलं नाही, पिंकीसुद्धा नाही. ती शेजारी आली की हा नाक फिरवून दुसरीकडे बघायचा. मी चिडवलं की म्हणायच्या, "मैतर व्हायाची गरज कुठं हाय? शेजारी उभं राहता आलं की बास." दौलतबद्दल बोलत होतात की आणखी कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायची गरज नव्हती. तो म्हातारा होऊन, आपल्या अंगणात, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. त्यानंतर तुम्ही कुत्रं पाळलं नाहीत, पण गल्लीतलं, मग कॉलनीतलं, मग ह्या अपार्टमेंटमधलं एकूण एक भांडखोर कुत्रं तुमच्याकडे येत राहिलं. पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायच्या आणि मोठाल्या परदेशी कुत्र्यांच्या मालकांना ओरडायच्या.

पाण्याचं मात्र मला कबूल करू द्या. ते वाया गेलं नाही. तुम्ही असताना मी हे म्हटलं नसतं, तुम्ही किती चढून गेला असतात.

काल संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे फिजिक्सचे सर आले, क्लासमध्ये शिकवतात ते. हातात त्यांचा तो दांडगा रॉकी. खाली बघून म्हणाले, "काकू, अक्का गेल्या आणि मी कुत्र्याचं काय बोलू. पण सोसायटीनं सांगितलंय, ह्याला आवरा न्हाईतर हलवा. अक्कांनी सुरुवात करून दिली होती. आता कोणाला विचारू?" मी म्हणणार होते, मला काय कळतं कुत्र्यातलं. तोंडापर्यंत आलं होतं. हे आत पलंगावर बसले होते, तिथूनच म्हणाले, "जा." इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले.

मी चपला घातल्या, डब्यातले फुटाणे पदरात घेतले. रस्त्याच्या पलीकडे इस्त्रीवाल्याचं कुत्रं बसलेलं. रॉकीनं ते पाहिलं, उसळला, सरांनी साखळी ताणली. माझ्या तोंडून निघून गेलं, "सैल सोडा, सर. त्याला वाटतं, तुम्हीच भ्यालात." आम्ही आणखी मागं गेलो, पार विजेच्या खांबापर्यंत, आणि थांबलो. बराच वेळ थांबलो. सर काही बोलायला लागले, मी हातानं गप्प केलं. रॉकी त्या कुत्र्याकडे बघत राहिला, बघत राहिला, आणि मग त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी फुटाणा दिला. आणि अक्का, मी लगेच मागं वळून बघितलं, तुम्ही पाहिलंत का म्हणून.